उत्तरानंतरचं गणित

गणिताच्या पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची असते आणि गृहपाठाला बसलेल्या बहुतेक मुलांचा जीव त्या पानांत अडकलेला असतो. उत्तर जुळलं की त्याखाली दोन रेघा मारायच्या आणि पुढचं उदाहरण घ्यायचं. नाही जुळलं तर गाईड उघडून पायऱ्या उतरवून काढायच्या. दोन्ही वेळा गणित उत्तरापाशी संपतं. माझं म्हणणं असं आहे, की शाळेतल्या साध्यासुध्या उदाहरणातही शिकण्यासारखं जे असतं ते बरंचसं आकडेमोडीच्या आधी असतं आणि उरलेलं उत्तर आल्यानंतर. मधली आकडेमोड सरावानं येते. आधीचं आणि नंतरचं मात्र मुद्दाम शिकवावं लागतं.

जॉर्ज पोल्या या हंगेरियन गणितज्ञाचं ‘हाउ टू सॉल्व्ह इट’ हे पुस्तक १९४५ साली निघालं. त्यात त्यानं उदाहरण सोडवण्याचे चार टप्पे सांगितले: समजून घेणं, बेत आखणं, बेत तडीस नेणं आणि उत्तर आल्यावर केलेल्या कामाकडे पुन्हा एकदा पाहणं. आपल्या गृहपाठात तिसरा टप्पा जोरात चालतो. चौथा जवळजवळ नसतोच.

आपल्याकडे उदाहरणांतून गणित शिकवायची परंपरा फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ लिहिली ती ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. नियम सांगायचा आणि लगेच त्यावर उदाहरण घालायचं, अशी तिची रचना. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात नोंद आहे, की त्यांचा नातू चांगदेव यानं भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. तो लेख १२०७ सालचा आहे आणि एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. खाली घेतलेली काही उदाहरणं भास्कराचार्यांची आहेत, काही आजच्या वहीतली. आठवी ते दहावीच्या मुलाला दोन्ही झेपतात.

वयाच्या उदाहरणापासून सुरुवात करू. आईचं वय आज मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. १२ वर्षांनी ते दुप्पट होईल. तर दोघींची आजची वयं किती?

मूल लिहितं: समजा, मुलीचं वय क्ष, म्हणून आईचं वय ३क्ष. इथवर ठीक. पुढची ओळ अनेक वह्यांमध्ये अशी असते: ३क्ष + १२ = २क्ष. म्हणजे आई १२ वर्षांनी मोठी झाली आणि मुलगी होती तिथेच राहिली. हे समीकरण सोडवलं तर क्ष = –१२ येतं. वय उणे कसं असेल, असं म्हणून मूल उणे चिन्ह खोडतं, १२ लिहितं, उत्तरसूची पाहतं. तिथेही १२च असतं! उत्तर बरोबर, समीकरण साफ चूक, आणि वहीवर बरोबरची खूण.

हा योगायोग ‘दुप्पट’ या शब्दामुळे घडला. त्याच चुकीनं दुसरं उदाहरण सोडवून पाहा. आज आई मुलीच्या पाचपट, ६ वर्षांनी तिप्पट. चुकीचं समीकरण ५क्ष + ६ = ३क्ष; त्यातून क्ष = –३, चिन्ह खोडलं की ३. खरं उत्तर आहे ६ आणि ३०, कारण ६ वर्षांनी मुलगी १२ची आणि आई ३६ची होते. म्हणून नुसतं उत्तर जुळलं याला फारसा अर्थ नाही. मुलाला समीकरण वाचून दाखवायला सांगावं: ‘डावीकडे कोणाचं वय आहे? कधीचं? उजवीकडे कोणाचं, कधीचं?’ चूक तिथल्या तिथे सापडते. बरोबर समीकरण ३क्ष + १२ = २(क्ष + १२). सगळी गोम त्या कंसात आहे. समीकरण मांडण्याआधी चार खणांचा छोटा तक्ता काढायची सवय लावली, उभे दोन रकाने ‘आज’ आणि ‘१२ वर्षांनी’, आडव्या दोन ओळी आई आणि मुलगी, तर तो कंस आपोआप येतो.

हेच उदाहरण क्ष न मानताही सुटतं. दोघींच्या वयातला फरक कधी बदलत नाही. आज आई तिप्पट, म्हणजे फरक मुलीच्या आजच्या वयाच्या दुप्पट. १२ वर्षांनी आई दुप्पट, म्हणजे तोच फरक तेव्हा मुलीच्या वयाइतका. याचा अर्थ १२ वर्षांत मुलीचं वय दुप्पट झालं. मग ती आज १२चीच असणार आणि आई ३६ची. दोन वाटांनी जाऊन एकाच ठिकाणी पोचलो की उत्तरसूची उघडायची गरज उरत नाही. मुलाला हा विश्वास स्वतःच्या वहीतून मिळायला हवा असं मला फार वाटतं.

ज्यांना अजून क्ष शिकवलेला नाही, त्या लहान मुलांसाठी भास्कराचार्यांकडे आणखी एक युक्ती आहे. तिला ते इष्टकर्म म्हणतात: सोयीची एखादी संख्या खुशाल धरून चालायचं. कमळांच्या राशीचा एक तृतीयांश भाग शंकराला, एक पंचमांश विष्णूला, एक षष्ठांश सूर्याला, एक चतुर्थांश देवीला वाहिला आणि उरलेली ६ कमळं गुरूंच्या पायी ठेवली; एकूण कमळं किती? ६० धरा, कारण तिला ३, ५, ६ आणि ४ या साऱ्यांनी भाग जातो. २०, १२, १० आणि १५ कमळं गेली, मिळून ५७; उरली ३. आपल्याला हवीत ६, म्हणजे धरलेल्या संख्येच्या दुप्पट: १२०. वयाच्या उदाहरणात मात्र ही युक्ती चालत नाही. तिथली १२ वर्षं ठरलेली आहेत. मुलीचं वय दुप्पट धरलं म्हणून ती काही २४ होत नाहीत. कोणती युक्ती कुठे चालते आणि कुठे अडते, हे मुलांशी बोलायला हवं. पुस्तकात तेवढी जागा क्वचितच असते.

आता उणे उत्तराबद्दल, कारण चिन्ह खोडण्याची सवय घातक आहे. आई ३८ वर्षांची, मुलगी ११ची. किती वर्षांनी आईचं वय मुलीच्या चौपट होईल? समीकरण ३८ + क्ष = ४(११ + क्ष). सोडवलं की क्ष = –२. मूल घाबरतं, पायऱ्या पुन्हा तपासतं, चूक सापडत नाही. सापडणारच नाही, कारण चूक नाहीच. उत्तर सांगतंय की ही गोष्ट दोन वर्षांपूर्वी होऊन गेली: तेव्हा आई ३६ची होती, मुलगी ९ची. प्रश्न विचारणाऱ्यानं भविष्यकाळ वापरला, बीजगणितानं तो दुरुस्त करून दिला.

पण उणे संख्येला प्रत्येक वेळी असा अर्थ सापडतोच असं नाही. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात माकडांच्या कळपाचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करायचे आणि येईल त्याचा वर्ग करायचा. तितकी माकडं गुहेत शिरली आणि एकच माकड बाहेर, झाडावर दिसलं. एकूण माकडं किती? वर्गसमीकरण मांडलं की दोन मुळं येतात, ५० आणि ५. पन्नासचा ताळा करू: पाचवा हिस्सा १०, वजा ३ केले ७, वर्ग ४९, आणि झाडावरचं एक, ५०. आता पाचचा: पाचवा हिस्सा १, वजा ३ केले –२, वर्ग ४, आणि झाडावरचं एक, ५. आकडे दोन्हीकडे जुळतात! तरी भास्कराचार्य दुसरं उत्तर स्वीकारत नाहीत. एका माकडातून तीन माकडं वजा करता येत नाहीत, आणि अशा ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, असं ते कारण देतात. समीकरणात उत्तर बसलं तरी मूळ गोष्टीत ते बसतं का, हे वेगळं तपासावं लागतं. नववी-दहावीची मुलं ‘लांबी ऋण नसते, म्हणून हे मूळ अग्राह्य’ अशी ओळ पाठ करून लिहितात. ती ओळ इथून आली, असं कळलं तर ती पाठ करावी लागणार नाही.

मोजणीच्या उदाहरणांत आकडेमोड नावालाच असते, म्हणून मुलांना ती सोपी वाटतात आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. १०० मीटर सरळ रस्त्याच्या कडेला दर ५ मीटरवर झाड लावायचं, दोन्ही टोकांनाही. किती झाडं? बहुतेक जण २० म्हणतात. लागतात २१, कारण वीस अंतरांना एकवीस टोकं. तळ्याभोवती १०० मीटरची गोल वाट असेल तर मात्र २०च पुरतात, कारण शेवटचं टोक पहिल्याला येऊन मिळतं. शंका आली तर १०० ऐवजी १० मीटरचा रस्ता घ्यावा आणि कागदावर ठिपके काढावेत. संख्या लहान करून पाहणं ही मोजणीतली सर्वांत भरवशाची रीत आहे.

०, १, २, ३, ४ हे अंक घेऊन, एकही अंक पुन्हा न वापरता, तीन अंकी सम संख्या किती होतील? हे जरा सावकाश पाहू. एकक स्थानी ०, २ किंवा ४ हवा, आणि शतक स्थानी ० चालत नाही. इथे ० दोन्हीकडे लुडबुड करतो, म्हणून त्याला आधी वेगळा काढायचा. एकक स्थानी ० असेल तर शतकाला ४ पर्याय, दशकाला उरलेले ३: एकूण १२. एकक स्थानी २ किंवा ४ असेल तर शतकाला ० आणि तो अंक सोडून ३ पर्याय, दशकाला पुन्हा ३ (आता ० चालतो): एकेकाला ९, दोघांचे मिळून १८. सम संख्या १२ + १८ = ३०.

बरोबर कशावरून? विषम संख्या स्वतंत्रपणे मोजा: एकक स्थानी १ किंवा ३, शतकाला ३, दशकाला ३, एकूण १८. आता सम-विषम न पाहता सगळ्या संख्या मोजा: शतकाला ४, दशकाला ४, एककाला ३, म्हणजे ४८. तीस आणि अठरा मिळून अठ्ठेचाळीस. ताळा जमला. मोजणीत समीकरण नसतं, म्हणून उत्तर परत घालून पाहायची सोय नसते. तेच वेगळ्या रीतीनं पुन्हा मोजणं हाच इथला ताळा.

‘लीलावती’चं अंकपाश हे प्रकरण याच विषयाचं आहे. शंकराच्या दहा हातांत दहा वेगवेगळी आयुधं किती प्रकारांनी देता येतील, असं तिथं विचारलंय. उत्तर ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांतल्या चार आयुधांचे प्रकार फक्त २४. पण मला जास्त आवडतं ते त्याच प्रकरणातलं दुसरं उदाहरण: ३, ९, ८ या अंकांपासून तीन अंकी संख्या किती होतात आणि त्या सगळ्यांची बेरीज किती? संख्या सहा होतात. त्या लिहून बेरीज करता येईलच. पण जरा थांबून पाहिलं तर प्रत्येक अंक प्रत्येक स्थानी दोनदा येतो. म्हणून एककाच्या रकान्याची बेरीज २ × (३ + ९ + ८) = ४०, दशकाची ४०, शतकाचीही ४०. एकूण ४०००, ४०० आणि ४०, म्हणजे ४४४०. सहा संख्या मांडून, हातचे धरत बेरीज करणाऱ्या मुलालाही हेच उत्तर मिळतं. त्यानं तसं जरूर करावं आणि मग ही रीत पाहावी. आधी कष्ट, मग युक्ती, हा क्रम उलटा केला तर युक्तीची किंमत कळत नाही.

आठ संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना, तर सामने किती? प्रत्येक संघ ७ सामने खेळतो, ८ × ७ = ५६. पण प्रत्येक सामना दोन्ही संघांच्या बाजूनं दोनदा मोजला गेला, म्हणून २८. संघांच्या जागी अष्टकोनाचे आठ शिरोबिंदू घ्या आणि सामन्यांच्या जागी त्यांना जोडणाऱ्या रेघा. रेघाही २८च. त्यांतल्या ८ बाजू आहेत. उरले २० कर्ण. अष्टकोनाच्या कर्णांचं सूत्र पाठ न करता हे उत्तर आलं, आणि मोजणीतून आपण भूमितीत येऊन पोचलो.

दहावीला गणित भाग १ आणि गणित भाग २ असे ४०-४० गुणांचे दोन पेपर असतात, एक बीजगणिताचा, दुसरा भूमितीचा. परीक्षेसाठी ही वाटणी सोयीची असेल, पण मुलांच्या मनात त्यामुळे भिंत उभी राहते. भूमितीच्या वहीत क्ष मानायला ती बिचकतात आणि बीजगणिताच्या वहीत आकृती काढायला त्यांना सुचत नाही. ही भिंत पाडायला ‘लीलावती’तली तीन उदाहरणं पुरेशी आहेत.

पहिलं: ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्यानं मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. किती उंचीवर मोडला? दुसरं: ९ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ आहे. बिळापासून २७ हातांवर असलेला साप बिळाकडे निघाला. मोरानं तिरकी झेप घेऊन त्याला गाठलं आणि तोवर दोघांनी सारखंच अंतर कापलं. बिळापासून किती हातांवर गाठलं? तिसरं: तळ्यात कमळाची कळी पाण्याच्या वर अर्धा हात आहे. वाऱ्यानं झुकत झुकत ती २ हातांवर बुडाली. पाणी किती खोल?

वेळू, मोर आणि कमळ. प्रत्येकाची आकृती काढली की तिन्हीकडे काटकोन त्रिकोणच निघतो. वेळूचा उभा राहिलेला भाग, जमिनीवरचं अंतर आणि मोडून तिरका पडलेला भाग या त्याच्या तीन बाजू. तिरका भाग म्हणजे कर्ण. क्ष मानून सोडवायचं तर क्ष² + १६² = (३२ – क्ष)², दोन्हीकडचे क्ष² जातात, ६४क्ष = ७६८ आणि क्ष = १२. पण जुनी रीत जास्त सुंदर आहे. पायथागोरसच्या प्रमेयानुसार कर्णाच्या वर्गातून उभ्या बाजूचा वर्ग वजा केला की १६², म्हणजे २५६ उरतात. दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी, हे शाळेतलं सूत्र. कर्ण आणि उभी बाजू यांची बेरीज तर आपल्याला माहीतच आहे: अखंड वेळू, ३२ हात. म्हणून त्यांची वजाबाकी २५६ ÷ ३२ = ८. बेरीज ३२, वजाबाकी ८. संख्या २० आणि १२. वेळू १२ हातांवर मोडला.

मोराच्या उदाहरणात मोराची झेप हा कर्ण, आणि सापानं तेवढंच अंतर कापलं. म्हणून कर्ण आणि बिळापर्यंत उरलेलं अंतर यांची बेरीज २७. खांबाचा वर्ग ८१, भागिले २७, वजाबाकी ३. संख्या १५ आणि १२. बिळापासून १२ हातांवर. कमळात देठाची पूर्ण लांबी हा कर्ण आणि पाण्याची खोली ही उभी बाजू. इथे बेरीज माहीत नाही, वजाबाकी माहीत आहे: अर्धा हात. २ चा वर्ग ४, भागिले अर्धा, बेरीज ८. म्हणून कर्ण सव्वाचार हात आणि खोली पावणेचार हात. तिन्ही उदाहरणं एकाच ओळीत सुटली. ज्या मुलाला हे दिसलं, त्याला उरलेल्या स्वाध्यायातली निम्मी उदाहरणं ओळखीची वाटायला लागतात.

भूमितीत एक पथ्य मात्र पाळावं लागतं. आकृती मदतीला असते, पुराव्याला नाही. कोन काटकोनासारखा दिसतो म्हणून तो ९०° धरायचा नाही आणि दोन बाजू सारख्या दिसतात म्हणून त्यांना समान म्हणायचं नाही. ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ या दोन ओळी आधी लिहायला लावतात त्या याचसाठी: दिलेलं काय आहे आणि सिद्ध काय करायचं आहे, यांची गल्लत होऊ नये. शंका असेल तर तीच आकृती मुद्दाम वेडीवाकडी, पण दिलेल्या अटी सांभाळून, पुन्हा काढावी. जी गोष्ट नव्या आकृतीत टिकत नाही ती पक्षात नव्हतीच, आपण ती डोळ्यांनी गृहीत धरली होती.

जाता जाता ‘लीलावती’तलंच एक उदाहरण वाचकांसाठी ठेवतो. भुंग्यांच्या थव्यातल्या निम्म्या भुंग्यांच्या संख्येचं वर्गमूळ काढा. तितके भुंगे मालतीच्या वेलीवर गेले. सगळ्या थव्याचे आठ नवमांशही तिकडेच गेले. सुगंधाच्या लोभानं एक भुंगा रात्री कमळात अडकला आणि त्याची भुंगी बाहेर गुणगुणत राहिली. थवा केवढा? निम्म्या थव्याला य² माना, म्हणजे वर्गमूळ सरळ य येईल. उत्तर ७२ आहे. ते आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्याकडून मला दुसरंच हवं आहे. समीकरण मांडा, ७२चा ताळा करा, मग य चं दुसरं मूळ काढा आणि ते का टाकायचं, हे घरातल्या आठवी-नववीच्या मुलाला त्याच्या शब्दांत एका वाक्यात लिहायला सांगा.